सदफला उतरणार कोण?

सराय मलूकमध्ये बाईला स्वतःचं नाव असतं, पण ते वापरायची वेळ फारशी येत नाही. जन्मली की ती अमक्याची मुलगी, निकाह झाला की तमक्याच्या घरची, आणि पहिलं मूल झालं की त्या मुलाची अम्मी. कनीजबीबीला पहिली मुलगी झाली, सदफ, आणि त्या दिवसापासून ती सगळ्या गल्लीची सदफची अम्मी झाली. दूधवाला तिला याच नावानं हाक मारी, विजेचं बिल टाकणारा याच नावानं, आणि खुद्द नवराही. मास्टर इनायतुल्ला शाळेत गणित शिकवायचे. त्यांना बायकोचं नाव आठवत नव्हतं अशातला भाग नाही, पण शेवटच्या आजारातही त्यांनी ‘सदफची अम्मी, पाणी’ असंच म्हटलं आणि पाणी पिऊन डोळे मिटले.

मास्टर गेले तेव्हा सदफ लाहोरच्या बाहेर एका फ्लाइंग क्लबात शिकवू लागली होती. शिकवायचं काय, तर विमान उडवायला. दोन माणसांचं छोटं विमान, एका बाजूला शिकणारा, दुसऱ्या बाजूला ही. तिच्या हुंड्यासाठी ठेवलेला जमिनीचा तुकडा मास्टरांनी विकला आणि तिला त्या क्लबात घातलं, तेव्हा त्यांचे थोरले भाऊ हाजी बरकतुल्ला तीन ईद त्यांच्याशी बोलले नव्हते. पण मुलगी पहिल्यांदा एकटी उडाल्याचं कळलं, तेव्हा याच हाजींनी मशिदीबाहेर जिलेबी वाटली होती. कशाबद्दल वाटतोय, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. खाणाऱ्यांनीही विचारलं नाही, कारण जिलेबी गरम होती.

कनीजबीबीनं आपल्या परीनं मुलीची काळजी घेतली. लाहोरला गेली की रावीच्या पुलावर थांबून ती मुलीवरून ओवाळून टाकलेलं मांस घारींना फेकायची, म्हणजे बला टळते. सदफला हे कळल्यावर तिनं कपाळावर हात मारला. ‘‘अम्मी, आमच्या धंद्यात दुश्मन कोण असेल तर घार. आणि तू त्यांना जेवायला बोलावतेस?’’ तेव्हापासून कनीजबीबी काळे उडीद दान करू लागली. उडीद उडत नाहीत, एवढी तिची खात्री होती.

विमानात बसण्याआधी मुलीचा फोन यायचा, ‘अम्मी, वर जाते.’ उतरल्यावर दुसरा, ‘अम्मी, आले.’ त्या दोन फोनांच्या मध्ये कनीजबीबी भाजी चिरायची नाही, शिवणयंत्रावर बसायची नाही, नुसती तस्बीहचे मणी ओढत बसायची. एका थंडीच्या सकाळी पहिला फोन आला आणि दुसरा आला नाही. विमान जमिनीवरून उठल्या उठल्या इंजिन बंद पडलं. सदफनं ते उसाच्या शेतात उतरवलं. शेजारी बसलेला विद्यार्थी हात मोडून घेऊन बाहेर आला, ती आली नाही. इथवर हसण्यासारखं काही नाही. हसू यावं असं जे काही झालं ते पुढे झालं, आणि ते सगळं चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूनं केलं.

सुरुवात वर्तमानपत्रानं केली. बातमी सदफची आणि फोटो कराचीच्या दुसऱ्याच एका वैमानिक मुलीचा, धडधडीत जिवंत. त्या बिचारीच्या घरी दिवसभर लोक रडायला येत राहिले आणि ती त्यांना चहा देत राहिली. फरहीन तिचं नाव. तिसऱ्या दिवशी तिचा कनीजबीबीला फोन आला. आपण जिवंत असल्याबद्दल माफी मागावी की काय, असा तिचा सूर होता. कनीजबीबी म्हणाली, ‘‘बेटी, तू जग. त्यात तुझी काय चूक?’’ मग फरहीन थोरल्या बहिणीबद्दल बोलावं तसं बोलायला लागली. सदफबाजी अशी, सदफबाजी तशी, सदफबाजीनं मला एकदा धुक्यात रडू दिलं नव्हतं. कनीजबीबीनं फोन कानाला इतका घट्ट दाबला की कान दुखायला लागला. घरात पन्नास बायका जमल्या होत्या, पण त्या तीन दिवसांत मुलीचं नाव तिनं पहिल्यांदा ऐकलं ते त्या परक्या पोरीच्या तोंडून.

कारण गल्लीनं ठरवून टाकलं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारायची सोय नाही, पण चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाची देग चुलीवरून उतरेपर्यंत कनीजबीबी ही ‘जुनैदची अम्मी’ झाली होती. जुनैद धाकटा, मस्कतला एसी दुरुस्त करतो. समोरच्या सफियानं ‘जुनैदची अम्मी, हे पातेलं कुणाचं गं?’ असं पहिल्यांदा विचारलं, तेव्हा कनीजबीबीनं मागे वळून बघितलं, कुणी नवी बाई आली आहे का. गेलेल्या लेकीचं नाव आईच्या कानावर पडू नये, जखमेवर मीठ नको, हा सगळ्यांचा विचार. दूधवाल्यानंही तेच केलं, बिल टाकणाऱ्यानंही. जुनैदवर तिचा काही राग नव्हता, गुणाचा मुलगा. पण सकाळी दाराशी कुणी ‘जुनैदची अम्मी’ म्हटलं की ती ओ न देताच दार उघडायची. मुलगी एकदा शेतात गेली आणि आता रोज सकाळी थोडी थोडी जाते आहे, असं तिला वाटायचं. हे सांगायचं तरी कुणाला?

अशा वेळी नगर कमिटीचे चेअरमन चौधरी अल्ताफ यांना कल्पना सुचली. आमच्या मुलखात शहर म्हणवून घ्यायचं तर चौकात खांबावर जुनं लढाऊ विमान पाहिजे. ज्या गावाला विमान नाही ते गाव मुलगी द्यायच्या लायकीचं नाही, असं चौधरींचं मत होतं. सराय मलूकच्या चौकात तोवर एक सिमेंटची किटली होती, तिच्यातून पाणी पडायचं, तेही ईदला. आता गावानं आकाशात बळी दिला होता, म्हणजे विमान मागायचा हक्क मिळाला होता. चौधरींनी वर अर्ज केला. आठ महिन्यांनी उत्तर आलं की आपल्या गावी धावपट्टी नसल्यामुळे विमान देता येत नाही. चौधरींनी उलट लिहिलं की विमान उतरवायचं नाही, खांबावर चढवायचं आहे. त्यावर उत्तर आलं की चढवण्याच्या अर्जाचा नमुना वेगळा आहे.

मग चौधरी म्हणाले, खड्ड्यात गेलं, आपलं आपण बनवू.

सराय मलूक कशासाठी प्रसिद्ध असेल तर बसगाड्यांच्या बॉडीसाठी. पेशावरपासून मुलतानपर्यंत ज्या बसगाड्या मोर नाचवत आणि साखळ्या छमछमवत धावतात, त्यांतल्या निम्म्या इथल्या उस्ताद शफकतच्या कारखान्यात सजतात. उस्तादनं आयुष्यात विमान जवळून पाहिलं नव्हतं. पण बस काय आणि विमान काय, पत्रा तोच, असं तो म्हणाला आणि कामाला लागला. मास्टर इनायतुल्ला जिवंत असते तर त्यांनी पंखांचा हिशेब तरी विचारला असता.

विमान तयार व्हायला लागलं तशी कनीजबीबी एका दुपारी सफियाला घेऊन बघायला गेली. विमानाला दोन्ही बाजूंना लांब दांड्याचे आरसे होते. नाकावर काजळ घातलेले दोन डोळे. शेपटीवर मोर, मोराखाली गुलाब, गुलाबाखाली बर्फाचा डोंगर. पुढे चकचकीत बंपर, मागे सामान चढवायची शिडी, चाकांच्या मागे चिखल उडू नये म्हणून रबरी पट्टे आणि पोटाखाली साखळ्यांची झालर. आत डोकावून कनीजबीबी म्हणाली, ‘‘उस्ताद, यात ही मध्ये जाळी कसली?’’

‘‘जनान्याची. पुढच्या सीटा बायकांच्या, मागे मर्द. बसला असते, मग याला नको?’’ उस्ताद थोडा गोंधळला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ‘‘आणि बीबी, चालवणारी पुढेच बसते ना? म्हणजे बरोबरच झालं की. आमच्याकडे पहिल्यापासून हाच कायदा आहे.’’

कनीजबीबी हसली. वर्षभरात पहिल्यांदा, आणि अशी हसली की सफियाला वाटलं हिला काहीतरी झालं. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि उस्तादला म्हणाली, या विमानावर माझ्या मुलीचं नाव लिही. उस्तादचा ब्रश थांबला. हाजीसाहेबांचा हुकूम होता, नाव कुठेच लिहायचं नाही. बराच वेळ मान खाजवून तो हळूच म्हणाला की सीटच्या खाली, आतल्या बाजूनं लिहितो, कुणाला दिसणार नाही, फुलंही काढतो दोन.

‘‘दिसणार नाही असं नाव माझ्या छातीत आहेच, उस्ताद. त्याला तुझा रंग कशाला?’’ असं म्हणून ती घरी आली.

हाजींचा हुकूम कसा झाला, तेही सांगितलं पाहिजे. चौकाला नाव काय द्यायचं याची बैठक कनीजबीबीच्याच घरी बसली. पुढच्या खोलीत चौधरी, हाजी, कमिटीची चार माणसं आणि पाटी रंगवणारा, पडद्यामागे कनीजबीबी आणि चहा. चौधरींनी ‘सदफ चौक’ म्हणायला तोंड उघडलं मात्र, हाजींनी काठी आपटली. घरातल्या मुलीचं नाव चौकात टांगायचं? तिथं चिंगची रिक्षावाले उभे असतात, पान थुंकतात, एकमेकांच्या आयाबहिणी काढतात. त्यांच्या तोंडी आमच्या मुलीचं नाव? ‘चल सदफ, चल सदफ’ असं ओरडतील दिवसभर. कमिटीला हे पटलं. लग्नाच्या पत्रिकेवर तरी नवरीचं नाव कुठे असतं? अमक्यांची कन्या म्हटलं की झालं, लोक बरोबर जेवायला येतात.

पडद्यामागून आवाज आला, ‘‘नाव तिचंच लिहा.’’

पाटीवाल्यानं कपातली माशी काढल्यासारखं केलं. हाजी पडद्याकडे न बघता म्हणाले, ‘‘जुनैदची अम्मी, तू चहा बघ.’’

तिनं चहा बघितला. चहा उतू गेला होता.

‘अमक्यांची कन्या’ म्हणजे आमच्याकडे साहेबजादी, तेव्हा पाटीचा मजकूर शेवटी असा ठरला: ‘चौक, साहेबजादी मास्टर इनायतुल्ला मरहूम, हाजी बरकतुल्ला यांचे धाकटे बंधू’. खाली चेअरमन चौधरी अल्ताफ यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, त्यांच्या जमातीचं नाव आणि ते ज्या निवडणुकीत पडले होते तिचंही नाव. पाटी विमानापेक्षा लांब झाली. तिला आधार द्यायला वेगळे दोन खांब लावावे लागले. ज्या मुलीमुळे हे सगळं, ती सोडून सराय मलूकमधल्या बहुतेकांची त्या पाटीवर सोय झाली होती.

उद्घाटनाला जिल्ह्याहून कुणी मोठे साहेब आले. त्यांना घाई होती आणि कागद कुणी नीट दिला नव्हता. त्यांनी ‘या मातीच्या शूर सुपुत्रानं’ अशी सुरुवात केली आणि सुपुत्राच्या रुंद छातीचं, झुबकेदार मिशांचं वर्णन करून लोकांना रडवलं. चूक सुधारायची तर मुलीचं नाव घ्यावं लागणार, म्हणून स्टेजवर कुणी हललं नाही. चौधरी गरुडावर बोलले, अर्धा तास. बायकांच्या कनातीमागे कनीजबीबी ईदच्या चंद्राची वाट बघावी तशी एका शब्दाची वाट बघत होती. ढग काही हटले नाहीत. मग साहेबांनी फीत कापली आणि उस्तादनं विमानात हौसेनं बसवलेला सात सुरांचा हॉर्न सुरू झाला, तो थांबेचना. साहेब गेले, चौधरी गेले, मांडव निघाला, तरी विमान खांबावर एकटंच वाजत होतं. शेवटी बॅटरी संपली.

ती घरी आली, चुलीपुढे बसली आणि मनाशी म्हणाली, हाजी म्हणतात ते बरोबर आहे. चौकातल्या पाटीकडे कोण बघतं? नाव पाटीवर नसतं, चिंगचीवाल्यांच्या तोंडी असतं. आणि दुसऱ्या दिवसापासून ती चिंगचीनं फिरायला लागली.

चिंगची म्हणजे मोटरसायकलला मागून जोडलेला पत्र्याचा गाडा. तिघं पुढे तोंड करून बसतात, तिघं मागे तोंड करून. दोन्ही बाजूंचा एकमेकांशी संबंध फक्त पाठीचा. कनीजबीबीला बाजारात काही काम नसे. जिरं संपलं नसलं तरी ती जिरं आणायला जायची. बसताना सांगायची, ‘‘सदफला उतरायचंय.’’

बूटा नावाचा, प्रत्येक बाईला खाला म्हणजे मावशी म्हणणारा चिंगचीवाला तिला पहिल्यांदा सापडला. ‘‘कुठली सदफ, खाला? घर नंबर?’’

‘‘घर नाही. जिथं विमान आहे तिथं.’’

‘‘मग जहाज चौक म्हणा की.’’ विमानाला आमच्याकडे जहाजच म्हणतात.

‘‘नाही. सदफ.’’

बूटानं मागच्या आरशातून तिच्याकडे बघितलं आणि जहाज चौकात उतरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. बाकीचे चिंगचीवाले बूटाला विचारायचे, तुझी ती सदफवाली आली नाही का आज. कुणी म्हणे, बिचारीचं डोकं फिरलंय. सफियानं तिला बाजूला घेऊन समजावलं की जुनैदच्या अम्मी, लोक हसतात गं. कनीजबीबी म्हणाली, हसू देत, नाव घेऊन हसतात ना? बाजारात अडीच माणसं तिचं ऐकायला लागली होती. बूटा, त्याचा मेहुणा आणि एक बहिरा, जो अर्धा धरायचा. एवढ्यावर गाडं अडलं होतं. घरी आल्यावर ती जिऱ्याच्या पुड्या डब्यात ओतायची आणि वाटायचं, आपल्याच्यानं हे होणार नाही. डबा भरला, मुलीचं नाव काही कुणाच्या तोंडी बसत नाही.

मग शेजारचं गाव आमच्यावर जळू लागलं, आणि दुसऱ्याचं जळणं कधी कधी आपल्या चुलीला उपयोगी पडतं. याच रस्त्यावर पुढे डेरा मिठ्ठा नावाचं गाव आहे. तिथल्यांचं आणि आमचं कबड्डीपासूनचं वाकडं. सराय मलूकला विमान आहे आणि आपल्याला नाही, हे त्यांना झोपू देईना. त्यांच्यात कुणी उडालेलं नव्हतं, पडलेलं तर नाहीच. उंचावरून पडलेला एकच, विजेच्या खांबावरचा गफूर, तोही वाचला. पण त्यांनी उस्ताद शफकतलाच जास्त पैसे देऊन दुसरं विमान करून घेतलं. उस्तादला एकच नमुना येत होता. तेच आरसे, तोच मोर, तेच काजळ. खांब मात्र त्यांनी आपल्यापेक्षा हातभर उंच केला.

आता एकाच रस्त्यावर दोन जहाज चौक झाले, आणि गोंधळाला पारावार राहिला नाही. लोक ‘जहाज चौक’ म्हणून बसायचे आणि भलतीकडे उतरायचे. हकीमाकडे जाणारा मुतखड्याचा पेशंट गुरांच्या डॉक्टरकडे पोचला आणि बरा झाला, असंही म्हणतात. पण खरा कहर आमच्या पंजाबातल्या गुजरात शहराहून आलेल्या वरातीनं केला. नवरदेव, घोडी, बँड, ऐंशी माणसं. त्यांना सांगितलं होतं, चौकात विमान दिसलं की उतरा. डेरा मिठ्ठाला विमान दिसलं, उतरले. तिथंही त्या दिवशी एक लग्न होतं आणि त्यांची वरात उशिरा येणार होती. पत्रिकेवर नवरीचं नाव नाहीच, चौधरीसाहेबांची कन्या एवढंच, आणि चौधरी दोन्ही गावांत मुबलक. मांडवानं त्यांना हार घातले, त्यांनी कोर्मा खाल्ला, केशरी गोड भाताचा जर्दा खाल्ला. निकाह लावताना मौलवींनी मुलीचं नाव विचारलं, तेव्हा कुठे ही नवरी आपली नव्हे हे कळलं. तोवर सराय मलूकमध्ये खरी नवरी नटून बसली होती आणि तिचा बाप चिंगचीवाल्यांची गचांडी धरायला निघाला होता.

त्या मारामारीत बूटाचा एक दात गेला. संध्याकाळी सगळे चिंगचीवाले विमानाखाली जमले. दोन चौकांना दोन नावं पाहिजेत, यावर कुणाचं दुमत नव्हतं. पाटीवरचं नाव वापरून बघितलं. बूटानं ‘साहेबजादी मास्टर इनायतुल्ला मरहूम’ एवढं म्हणेपर्यंत चौक मागे गेला आणि ‘धाकटे बंधू’ म्हणेपर्यंत गाडी पेट्रोल पंपावर पोचली. बूटा गालावर बर्फ धरून म्हणाला, ‘‘अरे, ते सदफ म्हणा ना, यार. ती खाला वर्षभर घसा सुकवून सांगतेय. एक श्वास लागतो.’’

झालं. दुसऱ्या सकाळपासून अड्ड्यावर ‘सदफ की मिठ्ठा? सदफ की मिठ्ठा?’ सुरू झालं. आमच्याकडे कमिटीनं दिलेली नावं कागदावर मरतात आणि चिंगचीवाल्यांनी दिलेली सात पिढ्या टिकतात. पंधरा दिवसांत बेकरीवाल्यानं पिशवीवर ‘सदफसमोर’ छापलं. दूधवाला बायकोशी भांडताना सांगू लागला की सदफपर्यंत गेलो आणि आलो, कुठे उशीर केला? कनीजबीबी चिंगचीत बसली होती आणि पुढून बूटानं पहिल्यांदा ओरडून विचारलं, ‘‘सदफला उतरणार कोण?’’ तेव्हा तिनं मान वळवून रस्त्याकडे बघितलं. कुणीतरी रस्त्यातून मुलीला हाक मारतंय, आणि मुलगी कुठेतरी जवळच आहे, अंगणात, गच्चीवर, असं तिला वाटलं. बूटानं पुन्हा विचारलं. ती मुद्दाम गप्प बसली, म्हणजे तो तिसऱ्यांदा विचारेल.

तरी एक जागा रिकामीच होती. गावभर सदफ झालं, पण घराच्या दाराशी ती जुनैदची अम्मीच राहिली. बायकांना चौक वेगळा आणि मुलगी वेगळी वाटत होती. गल्लीत जे बदलायचं ते थोरल्या माणसाच्या तोंडून बदलतं, आणि गल्लीतलं थोरलं माणूस म्हणजे हाजी बरकतुल्ला. त्यांनी तर शपथच घेतली होती. ते चिंगचीत बसून पाटीवरचं नाव सगळं म्हणायचे. नवा चिंगचीवाला असला तर समजायचा नाही. ‘सदफ की मिठ्ठा?’ म्हणून विचारायचा. हाजी तोंड मिटून घ्यायचे आणि डेरा मिठ्ठाला पोचायचे. तिथून चालत परत. डेरा मिठ्ठाचे लोक म्हणायला लागले की सराय मलूकच्या हाजीसाहेबांचं आमच्या गावात काहीतरी आहे. या वयात.

त्या उन्हाळ्यात हाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू काढून डॉक्टरांनी एका डोळ्यावर पट्टी बांधली. दुसरा पहिल्यापासून नावालाच होता. डॉक्टरांनी बजावलं की ऊन नको, वाकायचं नाही आणि रडायचं तर अजिबात नाही. हाजी म्हणाले, रडण्याची आमच्यात पद्धत नाही. मुलगा औषधं आणायला थांबला, तर हाजी हट्टानं एकटेच चिंगचीत येऊन बसले, पुढच्या बाजूला. मागच्या बाजूला, त्यांच्या पाठीला पाठ लावून, जिऱ्याची पुडी घेऊन कनीजबीबी बसली होती. तिनं काठीवरून ओळखलं. हाजींना काही दिसत नव्हतं.

थोडं पुढे गेल्यावर हाजींनी विचारलं, ‘‘कुठे आलो?’’

‘‘नाल्यापाशी, चाचाजी. कुठे उतरणार?’’ बूटानं विचारलं.

‘‘चौक साहेबजादी मास्टर इनायतुल्ला...’’

‘‘ते मला माहीत नाही. सदफ की मिठ्ठा?’’

बूटाला सगळं माहीत होतं. हाजींनी काठी चाचपली. बूटाच्या गाडीत एरवी खांबावरची मोरवाली शेपटी दिसली की ते गाडीच्या पत्र्यावर काठी मारून उतरायचे, ती सोय आज नव्हती. गाडी चालत होती. उन्हात भाजलेल्या पत्र्याचा वास येत होता.

‘‘चाचाजी, पुढे चढ आहे, मग थांबता येत नाही. मिठ्ठालाच सोडू का?’’

‘‘सदफ,’’ हाजी पुटपुटले.

‘‘काय? इंजिनाचा आवाज आहे, मोठ्यानं बोला.’’

‘‘सदफ!’’ हाजी ओरडले.

भर बाजारात. भाजीवाले वळून बघायला लागले. सदफ लहान असताना पतंगामागे गच्च्यांवरून पळायची आणि संध्याकाळच्या मगरिबच्या अजानीला याच माणसानं याच आवाजात तिला खाली बोलावलेलं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. हाजींनाही ते त्याच क्षणी आठवलं असावं. कारण बूटानं ‘ऐकू आलं’ असं सांगितल्यावरही त्यांनी आणखी एकदा हाक मारली, हळू, आणि मग कनीजबीबीला पाठीमागून त्यांची पाठ हलताना जाणवली. डॉक्टरांनी जे बजावलं होतं तेच झालं. पट्टी भिजून लोंबायला लागली.

‘‘सदफ आलं,’’ बूटा म्हणाला, आणि या वेळी ओरडला नाही.

हाजी चाचपडत उतरले आणि काठी पुढे धरून उभे राहिले, कुठे वळायचं ते न कळून. वर विमान साखळ्या वाजवत होतं. कनीजबीबी मागून उतरली. थोरल्या दिराचा हात धरायची रीत नाही, म्हणून तिनं काठीचं दुसरं टोक धरलं.

‘‘कोण आहे?’’ हाजींनी विचारलं.

‘‘सदफची अम्मी.’’

हाजींनी भिजलेली पट्टी तळहातानं दाबली. काठी सोडवून घेतली नाही.

‘‘चल मग, सदफच्या अम्मी,’’ ते म्हणाले, ‘‘घरी ने मला.’’

गल्लीत शिरल्यावर त्यांनी तिला पुन्हा त्याच नावानं हाक मारली. समोर दारात सफिया पातेलं घासत उभी होती. तिनं ऐकलं.